इंटरसेप्टरचा पुढचा शॉकअप: यूएसडी न लावता आतून काम करून घेतलं, पाच महिन्यांचा अनुभव

गाडी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५०, २०१९ ची, ४१ हजार किमी झालेली. माझं वजन ९२ किलो, मागे बायको, दोन्ही बाजूला बॅगा, आणि वर्षातून पाच-सहा वेळा पुण्यातून ताम्हिणी उतरून श्रीवर्धनकडे गावाला जाणं ठरलेलं. आधीच सांगतो, गाडीबद्दल माझी तक्रार नाहीये. ४१ हजारात मी एकदाही फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, ऑइल बदललं नव्हतं, ही चूक माझी. इंजिन ऑइल, चेन, ब्रेक पॅड सगळं वेळेवर बघायचो पण पुढच्या शॉकअपमध्ये पण ऑइल असतं आणि तेही मरतं हे डोक्यातच नव्हतं. तर गेल्या उन्हाळ्यात गाडी अशी झाली होती की जोरात ब्रेक दाबला की नाक खाली आणि बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठक्. घाट उतरताना असं वीस-पंचवीस वेळा. आणि उलट रस्त्यावर एखादा धारदार खड्डा आला, सिमेंटच्या रस्त्याचा तुटलेला जॉइंट आला, की तोच मऊ शॉकअप एकदम दगडासारखा, मनगटापर्यंत झणका.

म्हणजे मऊ पण आणि कडक पण. हे कसं काय, हाच प्रश्न घेऊन मी फिरत होतो. ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच, ‘फोर्क काढून टाक, ड्यूकचा यूएसडी लाव.’ ड्यूक म्हणजे केटीएमची बाईक, आणि यूएसडी म्हणजे उलटा फोर्क, जाड नळी वर आणि बारीक खाली. माझ्या एका मित्राने तेच केलं होतं, त्याचीही इंटरसेप्टरच. शेवटी मी दुसरा रस्ता घेतला. जुनेच फोर्क पाईप ठेवले, आत रेसटेक कंपनीचे ४१ मिमीचे एमुलेटर (एक प्रकारचा व्हॉल्व्ह, पुढे सांगतो) आणि माझ्या वजनाच्या स्प्रिंगा टाकल्या. दोन्ही गाड्या मी चालवल्यात, दोन्हींचा खर्च डोळ्यासमोर झालाय, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय, कोणाचे तरी पैसे वाचतील.

आधी मऊ-कडक कसं ते सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. इंटरसेप्टरचा पुढचा फोर्क ४१ मिमीचा, साधा टेलिस्कोपिक, ११० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे एकूण तेवढा दबतो. आत डँपर रॉड असतो, म्हणजे एक पोकळ नळी आणि तिला ठराविक भोकं. शॉकअप दबला की ऑइल त्या भोकांतून जातं, बस. आता होळीची पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला तर पाणी आरामात येतं, काही जोर लागत नाही. तोच दांडा झटक्यात दाबायला गेलात तर हाताला अडतो, पुढे सरकतच नाही. भोक तेवढंच आहे, ऑइलचा वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. ब्रेक मारताना फोर्क तसा हळू दबतो, तेव्हा भोकांतून ऑइल सुळकन जातं आणि नाक बसतं. धारदार खड्ड्यात फोर्क झटक्यात दबायला बघतो, तेव्हा ऑइलला जायला जागाच नाही, सगळा धक्का हँडलला. जाड ऑइल टाकलं तर ब्रेकचं थोडं सुधारतं पण खड्डे अजून बेकार लागतात, पातळ टाकलं तर उलटं. साध्या डँपर रॉडचं हे गणित सगळ्या गाड्यांना सारखंच, त्यात एका कंपनीचा दोष नाही, स्वस्त, टिकाऊ आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारी रचना आहे ती.

एमुलेटर म्हणजे काय तर कुकरची शिट्टी समजा. छोटा पितळेसारखा दिसणारा व्हॉल्व्ह, डँपर रॉडच्या डोक्यावर बसतो, वरून मेन स्प्रिंग त्याला दाबून धरते. रॉडच्या खालच्या टोकाची जुनी भोकं ड्रिलने ८ मिमीची करायची, शिवाय नवीन पाडायची, एका रॉडला एकूण सहा, म्हणजे दबताना रॉड ऑइलला अडवतच नाही, अडवायचं काम सगळं व्हॉल्व्हकडे. हळू दबताना व्हॉल्व्ह बंद, ऑइल त्याच्या बारीक भोकातून, म्हणून नाक सावकाश बसतं. खड्ड्यात प्रेशर वाढलं की शिट्टी उचलली जाते तसा तो उघडतो आणि ऑइल सुटतं. किती प्रेशरला उघडायचं ते त्याच्या छोट्या स्प्रिंगच्या बोल्टला किती फेरे दिलेत त्यावर. रिबाउंड मात्र, म्हणजे फोर्क परत वर येताना, जुन्या रॉडच्याच वरच्या, ड्रिल न केलेल्या छोट्या भोकावर आणि ऑइलच्या जाडीवर चालतं, ते या व्हॉल्व्हच्या हातात नाही. हे विकणारे सांगत नाहीत म्हणून सांगतोय.

आता वर्कशॉपबद्दल. भोसरी एमआयडीसीत एका लेथच्या शेडला लागून छोटी जागा आहे, फक्त शॉकअपचं काम. नाव टाकत नाही कारण एकच माणूस आहे आणि त्याने स्वतःच सांगितलंय की गर्दी नको. गेल्या गेल्या मला वाटलं हा स्प्रिंगा बघेल, किट बघेल. त्याने गाडीकडे बघितलंच नाही, म्हणाला, ‘दादा, आधी बूट-जॅकेट घालून या, गाडीवर रोज बसता तसे बसा.’ पुढच्या पाईपला एक झिप टाय बांधला. मग त्याच्या पोऱ्याने आणि त्याने मिळून चाक हवेत उचलून पाईप किती उघडा आहे ते टेपने मोजलं, मग मला बसवून मोजलं. फरक ५२ मिमी, याला सॅग म्हणतात. म्हणजे मी नुसता बसलो की ११० पैकी जवळपास निम्मा शॉकअप संपला, अजून गाडी हललीही नाही! रस्त्याच्या गाडीला हा आकडा साधारण ३० ते ३५ पाहिजे, म्हणजे एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मग म्हणाला एक चक्कर मारून या आणि शेवटी एक जोरात ब्रेक मारा. मारला. परत आल्यावर झिप टाय पार वर सरकलेला, म्हणजे शॉकअप पूर्ण दबलेला. ‘बघा, ऑइल, व्हॉल्व्ह सगळं नंतर, स्प्रिंगच तुमच्या वजनाची नाही.’

हा अर्धा तास माझ्यासाठी अख्ख्या कामापेक्षा मोलाचा होता. त्याच्या आधी तीन ठिकाणी गेलो होतो, तिन्ही ठिकाणी थेट किंमत सांगितली, एकानेही वजन विचारलं नाही.

स्प्रिंगा आणि एमुलेटर माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीला आला तेव्हा बॅगेतून घेऊन आला. स्प्रिंगा लिनियर, ०.९५ किलो प्रति मिमी, म्हणजे एक मिमी दाबायला ०.९५ किलो, शेवटपर्यंत तेवढाच हिशोब. दोन्ही मिळून मला साधारण २७ हजार पडले. मावसभाऊ नसता तर कुरियर आणि कस्टम धरून बरेच जास्त गेले असते, ते धरून चाला. मजुरी, ऑइल, दोन्ही बाजूचे ऑइल सील, डस्ट सील, तांब्याचे वॉशर असं वर्कशॉपचं बिल ६,८०० झालं.

काम उघडलं त्या दिवशी मी तिथेच स्टुलावर बसून होतो. वरचा कॅप सैल करून घेतला, चाक काढलं, पाईप खाली घेतले आणि ऑइल ओतलं. फोर्क ऑइल नवीन असताना मधासारखं किंवा लालसर असतं, माझ्यातून निघालं ते राखाडी, बादलीत ओतताना उन्हात चमकत होतं, म्हणजे ॲल्युमिनियमचा बारीक चुरा. वास सुक्या बोंबलाचा. मी कोकणातला माणूस, अतिशयोक्ती करत नाहीये, अगदी सुक्या बोंबलाचाच. तळाला गाळ बोटाने काढावा लागला. पोऱ्याने डबा माझ्यासमोर धरला आणि काही बोललाच नाही, मला जे कळायचं ते कळलं. खालचा ॲलनचा बोल्ट फिरवला की आतला रॉड पण बरोबर फिरतो, त्यासाठी त्याने पाईपाला चौकोनी डोकं वेल्ड करून स्वतःचं टूल बनवलंय, ते आत घालून रॉड धरला आणि बोल्ट निघाला. रॉड शेजारच्या लेथवर, ८ चा ड्रिल, भोकं पाडून झाल्यावर आतून-बाहेरून बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धार, इतकी साफ केली की बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. यात जो घाई करेल त्याच्या गाडीत तोच चुरा पुढे सील खाणार, एवढं लक्षात ठेवा.

ऑइल १५ नंबरचं. किती मिली हे त्याने बघितलंच नाही, स्प्रिंग बाहेर ठेवून पाईप पूर्ण खाली दाबून वरून ऑइलपर्यंतचं अंतर मोजलं, दोन्ही पायांत एकसारखं १३० मिमी. हवेची ती जागा पण शेवटच्या दबण्यात स्प्रिंगसारखं काम करते, म्हणून मिलीपेक्षा ते अंतर महत्त्वाचं. एमुलेटरला सुरुवातीला दोन फेरे. वरचा स्पेसर पीव्हीसी पाईपचा, तीन वेळा कापून तीन वेळा मला बसवलं, ३४ मिमी आलं तेव्हा थांबला. सकाळी दहाला सुरू केलेलं काम संध्याकाळी साडेसहाला संपलं.

आता चालवायला कशी. पहिले दोन किलोमीटर मला वाटलं चूक केली, गाडी पुढून उंच वाटत होती, स्पीडब्रेकरवर पहिल्यापेक्षा कडक. नाशिक फाट्यापर्यंत आलो तोपर्यंत कळायला लागलं. ब्रेक मारला की नाक खाली जातं, जात नाही असं नाही, पण जातं आणि मध्येच थांबतं, त्याच्यापुढे ब्रेक अजून दाबता येतो. पूर्वी नाक बसलं की टायरला काय चाललंय काही कळायचं नाही. ताम्हिणीत पहिल्या पावसात गेलो तेव्हा फरक खरा कळला. उतारावर वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडतो ना, तेव्हा पूर्वी फोर्क एकदम वर यायचा आणि गाडी वळणाच्या बाहेर पळायची, ते गेलंच. खड्डे लागतात, पण दणका नाही, धप्प असा आवाज येतो आणि हँडल हातात राहतं. झिप टाय अजून पाईपवरच आहे, सहा हजार दोनशे किमीत शॉकअप पूर्ण संपायला २० मिमीपेक्षा कमी उरले असं त्याने एकदाच दाखवलंय, माणगावच्या पुढे रात्री न दिसलेल्या खड्ड्यात.

तोटेही सांगतो. एकटा, हळू, शहरात चालवलं तर छोट्या खडबडीत रस्त्यावर आधीपेक्षा थोडं जास्त जाणवतं. दीड हजार किमीनंतर परत गेलो, वरून कॅप आणि स्प्रिंग काढून एमुलेटर लांब चुंबकाने बाहेर घेतला आणि अर्धा फेरा कमी केला, मग बरं झालं. पण बघा, सेटिंग बदलायला दर वेळी कॅप उघडावा लागतो, वर फिरवून सेट करायचा क्लिकर नाही. ज्याला बसल्या जागी सेटिंग पाहिजे त्याने पूर्ण कार्ट्रिज किट बघावं, त्यात कंप्रेशन-रिबाउंड दोन्ही वेगळे मिळतात, पैसे मात्र याच्या कितीतरी पट. आणि बाहेरून काही दिसत नाही. पार्किंगमध्ये कोणी येऊन विचारणार नाही.

मित्राच्या गाडीकडे मात्र सगळे वळून बघतात. त्याने नाना पेठेतून ३९० ड्यूकचा ४३ मिमीचा यूएसडी, १७ इंची चाक, डिस्क, कॅलिपर असा अख्खा सेट घेतला, फोर्क पकडणाऱ्या अप्पर टी-लोअर टी आणि स्टेम लेथवर करून घेतलं. सगळं धरून ७० हजाराच्या जवळ गेलं, दोन महिने गाडी गॅरेजमध्ये. यूएसडीचा खरा फायदा आहे, ते मी नाकारत नाही. जाड नळी वर टीमध्ये पकडलेली असते म्हणून पुढचा भाग वाकत-पिळत नाही, जोरात ब्रेक मारताना ते जाणवतं. मी त्याची गाडी पौडपासून ताम्हिणीच्या वरपर्यंत चालवली, ब्रेकिंग माझ्यापेक्षा घट्ट होतं, मान्य.

पण बाकीचं ऐका. इंटरसेप्टरचा पुढचा टायर १००/९०-१८, ड्यूकचा ११०/७०-१७. हिशोब केला तर त्रिज्या ३१८ मिमीवरून २९३ वर येते, म्हणजे एक इंच कमी. आपल्या गाडीचा रेक, म्हणजे हँडलच्या दांड्याचा तिरकेपणा, २४ अंश, त्या हिशोबाने फक्त चाक छोटं झाल्याने ट्रेल ११ मिमीने कमी होते. ट्रेल म्हणजे त्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, ते कमी झालं की हँडल हलकं होतं. फोर्कची लांबी वाढवून भरपाई केली नाही तर पुढचा भाग एक इंच खाली येतो, १४०० मिमी व्हीलबेसवर (दोन चाकांमधलं अंतर) तो जवळपास एक अंश, त्याची अजून पाच-सहा मिमी. शिवाय नवीन टीचा ऑफसेट, म्हणजे पाईप स्टेमच्या किती पुढे बसतात, हे लेथवाल्याने काय ठेवलं त्यावर. मित्राच्या गाडीचं हँडल ऐंशीच्या पुढे इतकं हलकं झालं होतं की ट्रकच्या मागून हवा आली तरी हातात वळवळायचं. चालवताना मी दोन्ही मुठी घट्ट धरल्या होत्या, वर पोचेपर्यंत खांदे भरून आले.

दुसरं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. मूळ गाडीत मागचा टायर १३०/७०-१८, पुढच्या-मागच्या चाकाची त्रिज्या जवळपास सारखीच, एखाद्या मिमीचा फरक. १७ चं चाक लावलं की पुढचं चाक मागच्यापेक्षा साधारण ९ टक्के जास्त फिरतं. एबीएस दोन्ही चाकांचा वेग सतत ताडून बघतं, त्यात ड्यूकच्या सेन्सर रिंगचा हिशोब वेगळा. त्याचा पिवळा दिवा दुसऱ्या दिवशी लागला तो लागलाच. एवढ्या वजनाची गाडी, पावसाळी घाट आणि एबीएस नाही, हे मला पटलंच नाही आणि मी त्याला तेव्हाच सांगितलं, ‘अरे, दिसायला छान आहे, पण वहिनीला घेऊन असा जाऊ नकोस.’

तिसरं, यूएसडीच्या वरच्या नळ्या जाड. हँडल पूर्ण वळवलं की टाकीला लागायला लागल्या, म्हणून स्टॉपर वाढवले, म्हणून हँडल कमी वळायला लागलं. घाटात गाडी उलटी फिरवायला आम्हाला तीनदा मागे-पुढे करावी लागली, मागे एसटी उभी, ड्रायव्हर काही बोलला नाही पण बघत होता.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, जो कोणी विचारतच नाही. तो फोर्क ज्या गाडीसाठी बनला ती दीडशे ते एकशे सत्तर किलोची. आपली दोनशेच्या वर, शिवाय दोन माणसं. म्हणजे ७० हजार घालून स्प्रिंगचा प्रश्न जिथल्या तिथे! मित्राचा सॅग पण मी मोजला, ४६ मिमी आला. शेवटी त्यालाही आत स्प्रिंगा बदलाव्या लागल्या, जे काम मी आधी केलं तेच त्याने शेवटी केलं. आता त्याने यूएसडी ठेवलाय पण चाक मूळचं १८ चं परत घातलंय, एक्सलचे बुश, कॅलिपरचा ब्रॅकेट, सेन्सरची जागा सगळं नव्याने करून. दिवा गेला, हँडल स्थिर झालं, गाडी आता खरंच चांगली चालते. पण एकूण खर्च विचारला तर तो विषय बदलतो.

कायद्याचं पण बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. फोर्क, चाक, ब्रेक सगळं दुसऱ्या गाडीचं लावल्यावर विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर काय लिहील याचा विचार आधी करा. वॉरंटीत गाडी असेल तर माझ्यासारखं आतलं काम पण थांबवा.

काही जण विचारतात हिमालयनचा फोर्क टाकू का, तो पण ४१ मिमीचाच आहे. हिमालयन ४११ चा ट्रॅव्हल २०० मिमी आहे हो, आपल्या जवळपास दुप्पट, पुढचं चाक २१ इंची. गाडी पुढून उंच होऊन रेक उघडेल, वळायला जड होईल. पाईपचा व्यास जुळला म्हणजे फोर्क जुळला असं नसतं.

यूएसडी कोणी लावावा? ज्याची वेगळी कस्टम गाडी बांधायची आहे, चाकापासून सगळं हिशोबाने करणारा माणूस मिळालाय, किंवा अपघातात मूळ पाईप वाकलेत आणि नाहीतरी सगळं नवीन घ्यायचंय, त्याने जरूर लावावा. ट्रॅकवर पळवणाऱ्याचं गणित वेगळं. पण घाटात बायकोला घेऊन गावाला जायचंय, एवढ्यासाठी फोर्क बदलायला निघाला असाल तर आधी नुसतं ऑइल बदला, हजार-दीड हजाराचं काम आहे, आणि दोन मित्रांना बोलावून टेपने सॅग मोजा. वजन सत्तरच्या आत आणि एकटेच फिरत असाल तर कदाचित तेवढ्यावरच भागेल. नाही भागलं तर स्प्रिंग. त्यानंतर व्हॉल्व्ह. माझ्या मते माझ्या गाडीतला साठ टक्के फरक स्प्रिंगचाच आहे, बाकी एमुलेटरचा.

गणपतीला गेलो तेव्हा बॅगा भरलेल्या, मागे बायको, तिच्या मांडीवर मोदकाचा साचा आणि पूजेचं सामान असलेली पिशवी. ताम्हिणी पूर्ण उतरलो, माणगावला चहाला थांबलो, तेव्हा ती हेल्मेट काढत म्हणाली, ‘आज एकदाही आपटलं नाही.’ तिला मी काय काम केलंय ते सांगितलंच नव्हतं, गाडी सर्व्हिसला टाकली एवढंच माहीत होतं. आता मागचे दोन शॉक राहिलेत, पुढचं सुधारल्यापासून मागचं जास्तच उडतंय, दिवाळीनंतर त्याच माणसाकडे नंबर लावलाय. झाल्यावर त्याचे पण आकडे टाकतो.